कांद्याचे पाणी आणि चाळीतील कांदा

महाराष्ट्र हे देशात सर्वाधिक कांदा पिकविणारे राज्य होय. नाशिक जिल्ह्यातील निफाड, येवला, चांदवड, देवळा, सटाणा, कळवण व सिन्नर हे तालुके, पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर, तसेच अहिल्यानगर, सोलापूर, सातारा व धुळे या जिल्ह्यांतील बराच मोठा पट्टा या पिकावर उभा आहे. वर्षातून तीन हंगामांत कांदा घेतला जातो. पावसाळ्यात लावून दिवाळीच्या आगेमागे निघणारा पोळ कांदा, त्यामागून येणारा रांगडा, आणि डिसेंबर-जानेवारीत लावून एप्रिल-मेमध्ये काढला जाणारा उन्हाळ कांदा. पहिले दोन फार काळ टिकत नाहीत. ते काढल्यावर लवकरच विकावे लागतात. तिसरा टिकतो, आणि मे महिन्यापासून नवा पोळ कांदा बाजारात येईपर्यंत देशाच्या फार मोठ्या भागाची गरज तोच भागवितो. या सहा महिन्यांत शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, हे लासलगाव वा पिंपळगाव बसवंत येथील भावावर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या चाळीतील किती माल धड राहिला यावरही असते.

चाळ उघडल्यावर सडका माल निघाला की दोष पावसाळी हवेला, चाळीच्या बांधणीला किंवा बियाण्याला दिला जातो. हे तिन्ही दोष काही वेळा खरेही असतात. परंतु सडीचे मूळ पुष्कळदा त्याहून जुने असते. मार्च-एप्रिलमध्ये कांदा शेतात उभा असताना त्याला किती पाणी मिळाले, किती दिवसांनी मिळाले आणि शेवटचे पाणी कोणत्या दिवशी तोडले, यावर चाळीतील निकाल बराचसा ठरून गेलेला असतो. ज्या पाण्याने कांदा पोसतो, तेच पाणी अवेळी वा अतिरिक्त झाले म्हणजे त्याला रोग लावते. म्हणून या पिकाच्या बाबतीत उत्पादन आणि रोग या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

मुळांचा स्वभाव

कांद्याची मुळे तंतुमय व आखूड असतात. त्यांना फाटे कमी फुटतात, आणि त्यांचा मुख्य भार जमिनीच्या वरच्या १५ ते २० सेंटिमीटरच्या थरातच असतो. कपाशी किंवा तूर यांसारखे पीक वरची जमीन सुकली तरी खालची ओल शोधीत जाते. कांद्याला ते साधत नाही. त्यामुळे पाण्याचा ताण त्याला लवकर जाणवतो. दुसरीकडे, वरच्या थरात पाणी साचून राहिले तर मुळांना हवा मिळत नाही व तीही लवकर गुदमरतात. काळ्या भारी जमिनीत एक-दोन दिवस पाणी तुंबले तरी पात पिवळी पडू लागते. सारांश, कांद्याला पाणी वारंवार हवे, पण प्रत्येक वेळी थोडे हवे. आपल्याकडील प्रघात नेमका याच्या उलट आहे. पाणी आले की वाफा काठोकाठ भरायचा, आणि पुढची पाळी केव्हा येईल याचा भरवसा नसल्याने आणखी थोडे जास्त सोडायचे.

मुळांच्या थराखाली गेलेले पाणी कांद्याच्या उपयोगी पडत नाही, एवढ्यावरच हे नुकसान थांबत नाही. ते पाणी जाताना आपल्याबरोबर विद्राव्य नत्र घेऊन जाते. नत्र कमी पडले की पात फिकट होते. ती फिकट झालेली पाहून शेतकरी युरियाचा आणखी एक हप्ता टाकतो. हा हप्ता बहुधा लागवडीला दोन महिने उलटून गेल्यानंतरचा, म्हणजे पात वाढण्याचा काळ संपून कांदा पोसू लागल्यानंतरचा असतो. अशा उशिराच्या नत्राने पात हिरवी राहते, मान जाड होते, जोडकांद्यांचे प्रमाण वाढते आणि कांदा टिकत नाही. खताचा म्हणून जो दोष सांगितला जातो, त्याची सुरुवात अशी पाण्यापासून झालेली असते.

पाणी किती व केव्हा

सर्वसाधारणपणे रांगड्या कांद्यास १० ते १२ आणि उन्हाळ कांद्यास १२ ते १५ पाळ्या लागतात. पोळ कांद्यास पाऊस पाहून, पावसात खंड पडेल तेव्हाच पाणी द्यावे लागते. रोपे लावताना एक पाणी व त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे हलके पाणी दिले म्हणजे रोपे मूळ धरतात. पुढे उन्हाळ हंगामात थंडीच्या दिवसांत १० ते १२ दिवसांनी, फेब्रुवारीत ८ ते १० दिवसांनी आणि मार्चपासून ६ ते ८ दिवसांनी पाणी पुरते. अर्थात जमिनीचा मगदूर पाहून हे अंतर बदलावे लागते. हलक्या जमिनीत ते कमी करावे व भारी जमिनीत वाढवावे.

दिवस मोजण्यापेक्षा वाफसा पाहणे अधिक खात्रीचे असते. वाफसा म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही पुरेशी असण्याची अवस्था. दहा ते पंधरा सेंटिमीटर खोलीवरील माती मुठीत घेऊन दाबावी. बोटांना चिखल लागला तर पाण्याला अद्याप अवकाश आहे. गोळा झाला, पण हातभर उंचीवरून टाकताच फुटला, तर पाणी देण्याची वेळ जवळ आली. गोळाच होत नसेल, तर उशीर झालेला आहे. ही परीक्षा कोणत्याही शेतशाळेत किंवा माध्यमिक शाळेच्या शेतीच्या तासाला पाच मिनिटांत करून दाखविता येते.

मात्रेचा हिशेब तेवढाच सोपा असूनही तो क्वचितच केला जातो. एका पाळीत ५ सेंटिमीटर पाणी दिले, तर हेक्टरला ५ लाख लिटर, म्हणजे एकरास सुमारे २ लाख लिटर पाणी होते. उन्हाळ हंगामातील १२ ते १५ पाळ्यांना हेक्टरी ६० ते ७५ लाख लिटर पाणी लागेल. प्रत्येक पाळीत अडीच सेंटिमीटर जास्त गेले, तर याच पाण्याच्या दीडपट पाणी खर्ची पडेल, आणि त्यातील जादा भाग मुळांच्या खाली निघून जाईल. विहिरीवरील पंप सेकंदाला ७ लिटर पाणी देत असेल, तर तो ताशी २५ हजार लिटर उपसतो व एक एकर भिजविण्यास ८ तास घेतो. आपला पंप सेकंदाला किती पाणी देतो हे पाहण्यासाठी २०० लिटरचे एक पिंप आणि हातातील घड्याळ पुरे आहे. पिंप २८ ते २९ सेकंदांत भरले, तर पंप सेकंदाला ७ लिटर पाणी देतो असे समजावे. हे मोजलेले नसल्यामुळे ‘चार तास पाणी दिले’ या सांगण्यातून काहीच बोध होत नाही.

पाण्याची निकड संपूर्ण हंगामात सारखी नसते. रोपे मूळ धरतात तेव्हा, कांदा धरू लागतो तेव्हा आणि तो पोसत असतो तेव्हा ताण पडू देऊ नये. कांद्याची प्रत्येक पात तळाशी कांद्याचा एक पापुद्रा होते. पाती जितक्या निरोगी व रुंद, तितका कांदा भरदार. याच काळात ताण पडला तर कांदा लवकर पक्व होण्याकडे वळतो आणि गोल्टीचे प्रमाण वाढते. त्याहून वाईट म्हणजे आधी ताण आणि मागून भरपूर पाणी. थबकलेली वाढ एकदम सुरू होते, बाहेरचे पापुद्रे तडकतात, कांदे दुभंगतात व जोडकांदे होतात. बाजारात अशा मालाला दुय्यम भाव मिळतो, आणि तडकलेल्या पापुद्र्यातून बुरशीला वाट मिळते ती वेगळीच.

पाण्याबरोबर येणारे रोग

रोपवाटिकेपासूनच पाहिले तर सपाट वाफ्यात दाट पेरलेले बी व सतत ओली माती यांमुळे रोपांच्या बुंध्याशी बुरशी लागते आणि रोपे कोलमडतात. या मर रोगावर गादीवाफा, विरळ पेरणी व हलके पाणी हा औषधापेक्षा स्वस्त उपाय आहे. शेतात पुढे दिसणारी मूळकूज फ्युजेरियम या जमिनीतील बुरशीमुळे होते. रोपाची पात शेंड्याकडून पिवळी पडत येते आणि उपटून पाहिल्यास मुळे तपकिरी झालेली व बूड कुजलेले आढळते. उबदार व ओलसर जमिनीत ती जोर धरते, आणि वाहत्या पाण्याबरोबर पसरते. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात व दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे एका कोपऱ्यातील रोग खालच्या सर्व वाफ्यांत पोहोचतो. प्रत्येक वाफ्यास दंडातून स्वतंत्र दार ठेवण्यास थोडी मेहनत अधिक पडते, परंतु ती वाया जात नाही. पुढील वर्षी त्याच शेतात कांदा वा लसूण न घेणे हेही तितकेच आवश्यक असते.

करपा या एकाच नावाखाली शेतकरी तीन वेगळ्या रोगांना ओळखतो. जांभळा करपा अल्टरनेरिया या बुरशीमुळे होतो. पातीवर खोलगट, पांढुरके व मधोमध जांभळट चट्टे दिसतात. तपकिरी करपा स्टेम्फिलियम बुरशीचा असून तो रब्बीत, ढगाळ हवा व धुके असताना जास्त आढळतो. काळा करपा हा मुख्यतः पावसाळ्यातील रोग. ज्या वाफ्यात पाणी साचते तेथे तो आधी दिसतो, आणि माना लांबून पाती पिळवटतात. तिन्ही बुरशींना पातीवर तासन् तास टिकणारा ओलावा हवा असतो. सपाट वाफ्यात दाट लागवड करून वारंवार पाणी भरले, की पातींच्या आत दमट हवा कोंडून राहते. तुषार संच संध्याकाळी चालविला तर पात रात्रभर ओली राहते, आणि पहाटेचे दव त्यात भर घालते. तोच संच सकाळी चालवून दुपारपर्यंत पात कोरडी होऊ दिली तर तेच पाणी फारसे अपाय करीत नाही. पाण्यासाठी लागणारा खर्च तोच, फरक फक्त घड्याळाचा.

तथापि, पाणी तोडले म्हणजे रोग टळला असा सरळ हिशेब येथे लागू पडत नाही. कोरड्या व उष्ण हवेत, पाण्याचा ताण सोसणाऱ्या पिकावर फुलकिडे झपाट्याने वाढतात. ते पातीच्या बेचक्यात राहून पात खरवडतात व तिच्यातील रस शोषतात. या खरवडलेल्या जागेतून जांभळ्या करप्याची बुरशी सहज आत शिरते. म्हणजे अतिपाण्याने जो रोग येतो, तोच अपुऱ्या पाण्यानेही वेगळ्या वाटेने येतो. तुषार सिंचनाच्या थेंबांनी काही फुलकिडे पातीवरून धुऊन जातात, हा या पद्धतीचा एक लाभ आहे. परंतु तो सकाळीच घ्यावा, हे वर सांगितलेच आहे. करप्यावर बुरशीनाशकांच्या फवारण्यांसाठी शेतकरी हजारो रुपये खर्च करतो, पण त्याच शेतातील पाण्याची पाळी बदलण्याचा विचार करीत नाही. पातीवर मेणचट थर असल्याने चिकट द्रव्याशिवाय केलेली फवारणी तर बरीचशी जमिनीवरच ओघळते.

राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने रुंद गादीवाफ्यावर ठिबक किंवा सूक्ष्म तुषार पद्धतीने कांदा घेण्याची शिफारस केली आहे. सुमारे १२० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच वाफा, दोन वाफ्यांमध्ये ४५ सेंटिमीटरची सरी, आणि प्रत्येक वाफ्यावर ठिबकच्या दोन नळ्या अशी ही रचना असते. जादा पाणी सरीतून निघून जाते, मुळांभोवती वाफसा टिकतो आणि ठिबकमध्ये पात कोरडी राहते. तेथील प्रयोगांत ठिबकमुळे उत्पादनात १५ ते २५ टक्के वाढ व पाण्यात ३५ ते ४० टक्के बचत नोंदली गेली. २०१५ पासून ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेखाली अशा संचांना अनुदानही मिळत आले आहे. तरीही संचाची किंमत, गाळणीची निगा आणि दर वर्षी नळ्या गुंडाळण्याचे काम यांमुळे लहान शेतकरी कचरतो. त्याने केवळ रुंद वाफे करून सरीतून पाणी दिले, तरी पाणी साचण्याचा निम्मा प्रश्न मिटतो.

शेवटचे पाणी

उन्हाळ कांद्याच्या संपूर्ण हंगामात सर्वांत अवघड निर्णय शेवटच्या पाण्याचा असतो. पीक तीन-साडेतीन महिन्यांचे झाले की कांदा पोसण्याचा वेग मंदावतो, पात पिवळी पडू लागते, मान मऊ होते व पात आपोआप आडवी पडते. निम्म्या पिकाच्या माना पडल्या म्हणजे काढणी योग्य समजली जाते. काढणीपूर्वी १० ते १५ दिवस, आणि भारी जमिनीत त्याहूनही थोडे आधी, पाणी तोडणे आवश्यक असते. या दिवसांत पातीतील अन्नरस कांद्यात उतरतो, मान सुकून मिटते आणि बाहेरचे पापुद्रे वाळून त्यांचे आवरण तयार होते.

याच वेळी शेतकऱ्यास मोह होतो. आणखी एक पाणी दिल्यास कांदा फुगेल, वजन वाढेल, असे त्याला वाटते. आणि वजन थोडे वाढतेही. हा कांदा काढताच विकला तर फायदा हाती लागतो. परंतु तो चाळीत भरला तर वाढलेले वजन पाण्याचे असल्याने दोन महिन्यांत निघून जाते. शिवाय मान उघडी राहते. ही उघडी मान म्हणजे काळ्या बुरशीला व मऊ सड आणणाऱ्या जीवाणूंना आत शिरण्याचे दार होय. जून-जुलैच्या दमट हवेत एका सडलेल्या कांद्याचे पाणी खालच्या दहा कांद्यांवर गळते आणि ढीग आतून तापू लागतो. पुढे कोंबही अधिक फुटतात.

दुसरी एक रीत याहून घातक आहे. काळी जमीन सुकून कठीण झाली की कांदा उपटताना पात तुटते व मजुरी वाढते. म्हणून काही ठिकाणी काढणीच्या आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी जमीन मऊ करण्यासाठी पाणी फिरवितात. सुकत आलेला कांदा या पाण्याने पुन्हा जागा होतो, मुळे टवटवीत होतात, वाळू लागलेले पापुद्रे भिजून तडकतात. मजुरीत जे वाचते ते चाळीत अनेक पटींनी जाते. खुरप्याने वा कुदळीने कांदा मोकळा करण्याचा खर्च त्यापेक्षा निश्चितच कमी आहे. पाणी फारच आधी तोडणे हाही मार्ग नव्हे. कांदा पोसत असतानाच ताण बसला तर माल बारीक राहतो.

काढलेला कांदा पातीसह तीन-चार दिवस शेतात असा पसरावा की एका ओळीची पात पुढच्या ओळीतील कांद्यांवर येईल आणि ऊन थेट कांद्याला लागणार नाही. नंतर तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी व माल १० ते १२ दिवस सावलीत सुकवावा. चाळीत जाण्यापूर्वी जाड मानेचे, जोड, डेंगळे आलेले व जखमी कांदे वेगळे काढावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा एन-२-४-१ किंवा राजगुरुनगरचे भीमा शक्ती, भीमा किरण हे वाण टिकण्यास चांगले म्हणून ओळखले जातात; परंतु अवेळी पाणी दिलेल्या शेतातील माल कोणत्याही वाणाचा असला तरी भरवशाचा राहत नाही.

वीज, आवर्तन आणि गाव

येथवरचे विवेचन वाचून कोणताही जाणता शेतकरी एकच प्रश्न विचारील: पाणी केव्हा द्यावे हे माझ्या हाती आहे काय? हा प्रश्न रास्त आहे. विहीर बागायतीत पाण्याची वेळ वीज ठरविते. रात्रीच्या पाळीत वीज आली की काळोखात, बिबट्याच्या व सापाच्या भीतीने दारे धरणे कोणालाच नको असते. पंप सुरू करून पाणी सोडून दिले जाते. वरच्या वाफ्यांत १० सेंटिमीटर पाणी भरते, शेवटच्या वाफ्यांपर्यंत ते पोहोचतही नाही, आणि एकाच शेतात कुजलेला व चिंबलेला, तसेच सुकून बारीक राहिलेला असा दोन्ही तऱ्हांचा कांदा तयार होतो. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ग्रामपंचायतींनी गायरानाची जागा देताना सौर प्रकल्पाच्या भाड्याकडे पाहिले जाते. रोगाचा व साठवणुकीचा हा हिशेबही त्यात धरण्यासारखा आहे.

कालव्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी. दोन आवर्तनांमध्ये तीन आठवडे वा त्याहून अधिक अंतर पडते, आणि कांद्याची मुळे एवढा काळ थांबू शकत नाहीत. मग शेतकरी मिळेल तेवढे पाणी एकदाच भरून घेतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात पाटाचे पाणी शेतकऱ्यास गरजेपुरते, तोटीने मिळावे, असा विचार मांडला होता. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणावर, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० नंतर उभ्या राहिलेल्या पाणीवापर संस्थांनी ही गोष्ट काही अंशी प्रत्यक्षात आणली. तेथे संस्थेस पाणी मोजून मिळते व ते वाटण्याचे नियोजन सभासद स्वतः करतात. कालव्याचे पाणी, विहिरींचे पुनर्भरण व ठिबक यांची सांगड तेथे घातली गेली. २००५ च्या ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन’ अधिनियमाने अशा संस्थांना कायद्याचा आधार दिला. परंतु कायदा असूनही पुष्कळ संस्था कागदावरच आहेत. कांदा पिकविणाऱ्या लाभक्षेत्रांत मार्च-एप्रिलच्या आवर्तनाची तारीख ठरविताना पाटबंधारे अधिकारी, कृषी सहायक व संस्थेचे पदाधिकारी एकत्र बसले, तर गावातील बहुतेक कांद्याच्या लागवडीच्या तारखा पाहून शेवटचे आवर्तन आठवडाभर मागेपुढे करणे अशक्य नाही. आवर्तन काढणीच्या तोंडावर आले, आणि आलेले पाणी सोडवत नाही म्हणून प्रत्येकाने घेतले, असे आज घडते.

तोपर्यंत प्रत्येक शेतकऱ्यास एक साधी नोंद ठेवता येईल. चाळ भरताना कोणत्या कप्प्यात कोणत्या शेतातील माल आहे व त्यास शेवटचे पाणी काढणीपूर्वी किती दिवसांनी तोडले होते, हे खडूने त्या कप्प्याच्या फळीवर लिहावे. ज्या कप्प्यावरील आकडा दहापेक्षा कमी असेल, तो आषाढी पाऊस सुरू होण्याआधी रिकामा करावा. पंधरा किंवा त्याहून अधिक आकड्यांचे कप्पे गणपतीनंतरच्या बाजारासाठी मागे ठेवावेत, आणि तेही दर महिन्यास एकदा हात घालून पाहावेत.